तुम्ही विचारा: रीलोडचा सराव, घरात आणि गोळीविना

प्रश्न: आम्ही ओहायोत कोलंबसजवळ अपार्टमेंटमध्ये राहतो. गेल्या वर्षापासून मी क्लबातल्या यूएसपीएसए सामन्यांना (पळत, जागा बदलत पिस्तूल चालवायच्या नेमबाजीच्या स्पर्धांना) जाते. नेम बरा लागतो, पण गोळ्यांचं मॅगझिन बदलायची, म्हणजे रीलोडची वेळ आली की गाडं अडतं. गोळ्या महाग पडतात, म्हणून घरी ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाने गोळीविना सराव करायचं म्हणते. नवऱ्याला मात्र धास्ती वाटते. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी मी तुमच्या यजमानांची बाजू घेते. धास्ती रास्त आहे. इकडची घरं म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेले ड्रायवॉलचे पत्रे. नऊ मिलिमीटरची गोळी त्यातून आरपार जाते, आणि पलीकडे कुणाचा तरी पाळणा असू शकतो. म्हणून सरावाची खोली ठरवून टाका आणि त्या खोलीत जिवंत गोळी येऊच देऊ नका. खिशात नाही, ड्रॉवरमध्ये नाही आणि बेल्टवरच्या मॅगझिनमध्ये तर नाहीच नाही. चेंबर, म्हणजे नळीच्या मागे गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून चाचपा. प्रत्येक मॅगझिनही तपासा. नळीचं तोंड बाहेरच्या विटांच्या भिंतीकडे ठेवा. तशी भिंत नसेल, तर गोळी अडवणारं पॅनेल विकत मिळतं, ते लावा.

खरा घात होतो तो सराव संपल्यावर. माणूस पिस्तूल पुन्हा भरतो, कपाटात ठेवायला निघतो आणि मनात येतं, ‘एकदाच आणखी.’ यावर माझा उपाय जरा वेडगळ आहे. मी मोठ्याने ‘संपलं’ म्हणते, बेल्ट उतरवते आणि त्यानंतर तासभर तरी पिस्तुलाला हात लावत नाही. घरचे हसतात. हसू देत.

आता रीलोड. सामन्यात मॅगझिन बहुतेक वेळा पुरतं रिकामं झाल्यावर बदलत नाहीत. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना बदलतात. चेंबरमध्ये गोळी असते, स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पुढेच असते. म्हणून घरी दर वेळी स्लाइड मागे अडकवून सराव करत बसू नका. जे सामन्यात करायचं तेच करा.

पिस्तूल पार खाली, कमरेपाशी आणू नका. कोपर बरगडीजवळ आणि पिस्तूल तोंडासमोर, म्हणजे समोरचं लक्ष्य आणि मॅगवेलचं (मुठीतल्या मॅगझिनच्या खाचेचं) तोंड दोन्ही एकाच नजरेत येतात. मूठ अशी वळवा की मॅगवेलचं तोंड डाव्या कमरेवरच्या मॅगझिनच्या पाउचकडे बघेल. उजव्या अंगठ्याने मॅगझिन सोडायचं बटण दाबता दाबताच डावा हात पाउचवर पोचलेला हवा. एक हात काम करतोय आणि दुसरा बघत बसलाय, असं झालं की अर्धा सेकंद तिथेच जातो. मॅगझिनचा तळ तळहातात, तर्जनी पुढच्या बाजूने सरळ आणि तिचं टोक सर्वांत वरच्या गोळीच्या नाकाजवळ. सुईत दोरा ओवताना आपण हाताकडे बघत नाही, नेढ्याकडे बघतो. इथेही नजर मॅगवेलच्या कडेवर ठेवा. तुमचं मॅगझिन अडतंय ते बहुधा नजर पाउचकडे जात असल्यामुळे.

पहिले काही आठवडे मॅगझिन आत घालूच नका. बटण दाबा, जुनं पडू द्या, नवं मॅगवेलच्या तोंडाशी आणा आणि तिथेच थांबा. बघा, सरळ आलंय का? याला इकडे बर्केट रीलोड म्हणतात. तोंडाशी नीट आलेलं मॅगझिन आत ढकलायला काहीच लागत नाही. वेळ जातो तो तिथवर येण्यात.

फोनवर शॉट टायमरचं (बीप देऊन वेळ मोजणारं) अ‍ॅप घ्या. सुरुवातीला पूर्ण रीलोडला अडीच सेकंद द्या, सहज जमायला लागलं की एकेक दशांश कमी करा. क्लबच्या पातळीवर गोळी ते गोळी दीड सेकंद म्हणजे छान काम. मुरलेले खेळाडू सेकंदाच्या आसपास करतात, पण त्यांच्याकडे आत्ता बघू नका.

मॅगझिनमध्ये रंगीत डमी राउंड, म्हणजे दारू नसलेल्या खोट्या गोळ्या भरा. रिकामं मॅगझिन हलकं असतं, हाताला खोटी सवय लागते. पायाखाली जाड गोधडी अंथरा; मॅगझिन आपटून त्याचे ओठ (वरच्या कडा) वाकले की गोळ्या अडकायला लागतात, आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार करतात ते वेगळंच.

सामन्यात मी टायमर धरून नेमबाजांच्या मागे चालते, त्यामुळे दोन गोष्टी सारख्या दिसतात. रीलोड करताना बोट ट्रिगर गार्डच्या आत राहिलं, तर तिथल्या तिथे बाद. आणि उजव्या हाताची मंडळी डावीकडे पळत रीलोड करतात, तेव्हा मूठ वळवण्याच्या नादात नळी १८० अंशांची रेघ ओलांडते, म्हणजे लक्ष्यांच्या दिशेऐवजी मागे वळते. तेही बादच. म्हणून घरी डावीकडे दोन पावलं टाकत रीलोड करून बघा आणि यजमानांना नळीवर नजर ठेवायला सांगा. त्यांची धास्तीही कमी होईल.

प्रश्न: माझी मुलगी कोल्हापुरात २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल शिकते. तिलाही असा सराव लागू पडेल का?

उत्तर: रीलोडचा नाही. तिथे एका मालिकेत पाचच गोळ्या आणि ‘लोड’ म्हटल्यावर भरायला एक मिनिट, घाई कसलीच नाही. रॅपिड टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद दिसतं आणि सात सेकंद नाही. हात ४५ अंशांवरून वर यायचा आणि एक गोळी सुटायची. ड्राय करायचं ते हे हात वर येणं. तुमच्याच गावच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई खेळांत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं.

एक मात्र सांभाळा. .२२ च्या काडतुसाला ठोका कडेवर बसतो. चेंबर रिकामं ठेवून ट्रिगर दाबला, तर काही पिस्तुलांत फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि खाच पडते. पिस्तुलाला ड्राय फायरची सोय आहे का ते माहितीपुस्तिकेत बघा आणि प्रशिक्षकांना विचारा.

प्रश्न: घरच्या सरावाला लेझरचं काडतूस (ट्रिगर दाबला की गोळीऐवजी लाल ठिपका टाकणारं) घेऊ का?

उत्तर: रीलोडसाठी नको. लाल ठिपका कुठे पडला हे बघण्यात नजर अडकते आणि मॅगवेल राहून जातं. त्या पैशांत दोन जादा मॅगझिन घ्या.