जपानी रेल्वेचा पहिला देखावा उभारताना

आपण एन गेजमध्ये, म्हणजे रुळांमध्ये 9 मिलिमीटर अंतर असलेल्या छोट्या प्रतिकृती-रेल्वेत, जपानी रेल्वेचा देखावा उभारणार आहात, तेव्हा रुळांच्याही आधी प्रमाणाचा निर्णय घ्यावा. रुळांमधील हे अंतर सारखेच असले, तरी जपानमधील साध्या गाड्यांच्या प्रतिकृती 1:150, तर शिन्कान्सेन या अतिवेगवान गाड्यांच्या 1:160 प्रमाणात असतात. म्हणून ग्रामीण मार्ग करायचा असल्यास घरे, फलाट आणि माणसे 1:150 प्रमाणातीलच घ्यावीत. दुहेरी मार्गावर गाड्या आपल्याकडच्याप्रमाणेच डावीकडून धावतात.

डिजिटल नियंत्रणासाठी (डीसीसी) पहिली गाडी कातो या जपानी प्रतिकृती-कंपनीच्या ‘डीसीसी फ्रेंडली’ संचातून निवडावी, कारण तिच्या मोटरच्या डब्यात ईएम13 हा डीकोडर, म्हणजे डिजिटल आज्ञा ओळखून मोटर चालवणारी छोटी पट्टिका, सोल्डरिंग न करता सरकवता येतो. मात्र मोटरच्या तांब्याच्या पट्ट्या डीकोडरच्या योग्य बाजूलाच टेकल्या आहेत, हे भिंगातून पाहावे. माझी एक पट्टी खालच्या पट्टीला चिकटून राहिली होती आणि वीज देताच डीकोडर जळाला.

देखाव्यात ऋतू एकच ठेवावा, हा माझा आग्रह आहे. टोकियोच्या परिसरात साकुरा (चेरीचा बहर) साधारणपणे मार्चअखेरीस फुलतो आणि भात पिवळे होते सप्टेंबरच्या सुमारास. दोन्ही शेजारी दाखवले की सारी मेहनत खोटी वाटते. मला लावणीचा काळ सर्वांत प्रिय आहे. खाचराचा तळ गडद तपकिरी रंगवून, रोपांच्या सरळ रांगा लावून, त्यावर पारदर्शक रेझिनचे पातळ थर एकेक वाळवत ओतावेत, म्हणजे जाणाऱ्या गाडीचे प्रतिबिंब त्या पाण्यात दिसते.