बीपी-शुगरचे पेशंट बघताना

उपकेंद्रात नवीन रुजू झालीयेस ना, मग ऐक. पेशंट उन्हातून चालत आला की लगेच बीपीचा पट्टा गुंडाळू नकोस. पाच मिनिटं बसू दे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला. आणि बोलू देऊ नकोस. आमच्या एक आजी सुनेचं गाऱ्हाणं सांगता सांगता १६० च्या वर जायच्या, गप्प बसवलं की १४० च्या आत! मिनिटभराने परत मोजायचंच.

‘गोळ्या घेता का?’ विचारलंस तर सगळेच हो म्हणतात. पाकीट मागव, उरलेल्या मोज. महिनाअखेरीस ३० पैकी २२ शिल्लक दिसल्या की काय ते कळतं. रागावू मात्र नकोस, नाहीतर पुढच्या वेळी पाकीटच हरवतं.

शुगरवाल्यांना चप्पल काढायला लाव. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, तळवा, सगळं बघ. एका काकांच्या तळव्यात बाभळीचा काटा रुतलेला, शुगरने पाय बधिर झालेले, त्यांना पत्ताच नव्हता. उपाशीपोटीची शुगर त्या दिवसापुरती. तीनेक महिन्यांचा हिशेब एचबीए१सी ही रक्ताची तपासणी देते.

श्रावण आला की उपास धरणार का, हे आधीच विचार आणि गोळ्यांचं डॉक्टरांशी बोलायला लाव. शुगर उतरून घाम, थरथर, गरगर झाली तर शुद्धीवर असेपर्यंत आधी साखरपाणी, मग फोन.