फ्रिस्कोला घर घ्यायचंय, नवरा सेन्ससचे तक्ते उघडून बसलाय

प्रश्न: ताई, आम्ही सध्या एडिसनला, न्यू जर्सीत. ह्याला टेक्ससला डॅलसकडे जॉब मिळालाय आणि तो म्हणतो घर तिथल्या फ्रिस्को उपनगरातच घ्यायचं, लोकसंख्या वाढतेय, इन्कम भारी आहे, एशियन भरपूर आहेत. मला मात्र दोनच काळज्या आहेत, हप्ता झेपेल का आणि सहा वर्षांच्या लेकीचं मराठी टिकेल का.

अगं, नवऱ्याचे आकडे काही खोटे नाहीत. 2000 साली फ्रिस्कोत 33,714 माणसं होती, 2010 ला 1,16,989 आणि 2020 ला 2,00,509. मी आले तेव्हा हायवे 380 च्या पलीकडे गाई चरायच्या, आता तिथे रूफटॉप्सच दिसतात. एशियन 2010 ला साधारण दहात एक होते, 2020 ला चारात एक.

पण हे 'एशियन' म्हणजे कोण ते बघ ना. त्यात चिनी आले, कोरियन आले, व्हिएतनामी आले, आणि आपल्या देशी लोकांत इथे तेलुगू मंडळी जास्त. सेन्सस ब्युरोच्या घरात-कुठली-भाषा-बोलता वाल्या तक्त्यात तेलुगूला स्वतःची ओळ आहे, गुजरातीला आहे, आणि आपली मराठी? 'नेपाळी, मराठी किंवा इतर' असा एकच डबा! त्यामुळे शेजारी देशी आहे म्हणून लेकीला मराठी येईल असं धरून चालू नकोस, खेळायला दहा देशी मुली आल्या तरी त्या आपसात इंग्लिशच बोलतात. मराठी शाळेचा रविवारचा वर्ग घरापासून किती लांब आहे ते आधी बघ, चाळीस मिनिटं असेल तर दोन महिन्यांत दांड्या सुरू होतात (आमच्याकडे तर दीड महिन्यातच झाल्या).

इन्कमचं म्हणशील तर इथलं मीडियन हाउसहोल्ड इन्कम, म्हणजे अगदी मधल्या घराचं वार्षिक उत्पन्न, 1 लाख 40 हजार डॉलर्सच्या वर आहे, पण ते अख्ख्या घराचं, आणि बऱ्याच घरांत दोघंही कमावतात. तुमच्याकडे सध्या एकच पगार आणि तोही एच-वन व्हिसावर, तर त्या आकड्याशी तुलना करून बजेट काढू नका. टेक्ससला स्टेट इन्कम टॅक्स नाही म्हणून सगळे खूश असतात, मग प्रॉपर्टी टॅक्स येतो, घराच्या किमतीच्या दीड ते दोन टक्के. सात लाखांचं घर घेतलंस तर वर्षाला साडेदहा ते चौदा हजार, म्हणजे हप्त्याशिवाय महिन्याला हजारभर बाजूला ठेवायचे. आणि रिअल्टर, म्हणजे घराचा एजंट, जुन्या मालकाचं टॅक्सचं बिल दाखवेल त्यावर अजिबात जाऊ नकोस, त्यांनी राहतं घर म्हणून 'होमस्टेड'ची सवलत घेतलेली असेल तर टॅक्ससाठी धरलेली किंमत वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, तुम्ही घेतलंत की ती सूट तुमच्याबरोबर येत नाही आणि किंमत बाजारभावाला जाते. उत्तरेकडे नवीन वसाहतीत घेणार असाल तर मड (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट) नाहीतर पिड (पब्लिक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट) आहे का तेही विचार, त्या वसाहतीच्या पाणी-रस्त्यांच्या खर्चाचा तो वेगळा भुर्दंड.

आता राहिलं वाढीचं. वाढ एका जागी बसून राहत नाही गं, ती पुढे सरकते. 2023 ला देशात सगळ्यात वेगाने वाढलेलं शहर म्हणून फ्रिस्कोच्या उत्तरेकडच्या सेलाइनाचं नाव आलं, 26.6 टक्के. पुढच्या वर्षी प्रिन्स्टन (तुमच्या न्यू जर्सीचं नव्हे, इथलं टेक्ससचं), 30 टक्क्यांच्या वर, आणि त्या प्रिन्स्टनने सप्टेंबर 2024 मध्ये नवीन घरांच्या परवानग्याच थांबवल्या कारण पाणी, ड्रेनेज, पोलीस काहीच पुरेना. इकडे फ्रिस्कोत वर्षानुवर्षं नव्या शाळा बांधल्या आणि आता पटसंख्या घटायला लागलीय, आधी आलेल्यांची मुलं कॉलेजला गेली आणि लहान मुलंवाल्यांना इथली घरं परवडत नाहीत. म्हणून फक्त शाळेचं रेटिंग बघू नका, त्या शाळेत पहिली-दुसरीला किती मुलं आहेत ते विचारा, शाळा बंद झाली किंवा हद्द बदलली की घर तेच राहतं आणि शाळा बदलते.

मी तुझ्या जागी असते तर वर्षभर भाड्यानेच राहिले असते. निदान घर बघायला याल तेव्हा शनिवारी नको, मंगळवारी सकाळी साडेसातला नवऱ्याला टोलवेवरून (डॅलसकडे जाणारा टोलचा हायवे) ऑफिसपर्यंत गाडी चालवायला लाव, आणि संध्याकाळी लेकीला घेऊन त्या वसाहतीतल्या पार्कात जाऊन बस तासभर.