पिप (पायथनची पॅकेजेस टाकायचं साधन) अपग्रेड केल्यावर चालेना झालं?
घाबरू नकोस, सिस्टीम रीइन्स्टॉल तर अजिबात करू नकोस. 'कॅनॉट इम्पोर्ट नेम मेन' येतंय ना, म्हणजे उबुंटू लिनक्सची पिप सुरू करणारी स्क्रिप्ट जुनी राहिली आणि आतलं पिपचं पॅकेज नवं आलं, २०१८ च्या पिप १० पासून ते 'मेन' नावाचं फंक्शन दुसऱ्या मॉड्यूलमध्ये हलवलंय मग जुन्या स्क्रिप्टला ते सापडणार कुठून. आधी नवीन टर्मिनल उघडून बघ, शेल (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्राम) पिपचा जुना पाथ धरून बसतो, कधीकधी तेवढ्यानंच सुटतं. नाहीतर 'पायथन३ -एम पिप' वापरून ते नवं आलेलं पिप अनइन्स्टॉल कर, म्हणजे उबुंटूचं जुनं परत चालेल (सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, टाकलं असशील तर सुडोनेच), पण 'येस' म्हणायच्या आधी कुठल्या फोल्डरमधलं काढतंय ते नीट वाच. आणि यापुढे प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हीएन्व्ह (पायथनचं स्वतंत्र फोल्डरमधलं वातावरण) बनव, त्यातलं पिप बिनधास्त अपग्रेड कर, बिघडलं तर फोल्डर उडवून परत बनवता येतं.