पान फोटोंसकट पूर्ण लोड झालं, हे जावास्क्रिप्टमध्ये कसं ओळखायचं?

तुमच्या पानावरच्या स्लायडरला, म्हणजे फोटो सरकवत दाखवणाऱ्या भागाला, फोटोंची उंची शून्य मिळतेय, ही तुमची अडचण. तुम्ही तो 'डीओएमकंटेंटलोडेड' या ब्राउझरच्या घटनेवर सुरू केलाय, म्हणून असं होतंय. ही घटना एचटीएमएल वाचून झालं की घडते, फोटोंसाठी थांबत नाही. फोटो, स्टाइलशीट (सजावटीची फाइल), आयफ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) या सगळ्यांसाठी थांबते ती विंडोवरची 'लोड'. कोड तिथं हलवलात तर बहुतेक वेळा काम भागेल. मात्र तुमची स्क्रिप्ट पोचेपर्यंत 'लोड' होऊन गेली असेल, तर नंतर लावलेला लिसनर (घटना घडली की चालणारा कोड) कधीच चालत नाही. म्हणून आधी डॉक्युमेंटची 'रेडीस्टेट', म्हणजे पान कुठवर लोड झालंय ती स्थिती, बघा. ती 'कम्प्लीट' असेल तर स्लायडर लगेच सुरू करा, नसेल तर लिसनर लावा.

मी स्वतः मात्र 'लोड'वर थांबत नाही. पानाच्या तळाशी नकाशाची आयफ्रेम असली, तरी वरचा स्लायडर तिच्यासाठी खोळंबतो. त्यापेक्षा हवे तेवढेच फोटो घेऊन, आले का, हे त्यांनाच विचारावं. पण इथं मी एकदा चांगलाच अडकलोय. कोल्हापुरात चप्पल लाइनीतल्या एका दुकानाचा कॅटलॉग करत होतो. पानावर 24 फोटो होते. प्रत्येकाची 'लोड' मोजायची, 24 झाल्या की तोवर दाखवलेलं 'थांबा'चं फिरतं चाक काढायचं, असा हिशोब. राजारामपुरीत माझ्या मशीनवर सुरळीत चाललं. दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन, "नुसतं चाक फिरालंय, चप्पल एक बी दिसंना!" त्यांच्या फोनमध्ये फोटो कॅशमध्ये (आधीच्या भेटीत साठवलेले) होते, त्यामुळे काही फोटो माझा लिसनर लागायच्या आधीच येऊन गेले होते. ते दुरुस्त केलं, तर महिन्याभरात कापशी चपलेच्या एका फाइलचं नाव चुकलं. त्या फोटोची 'लोड' न होता 'एरर' झाली, मोजणी 23 वर थांबली, चाक पुन्हा फिरत राहिलं.

म्हणून प्रत्येक फोटोची स्वतःची 'कम्प्लीट' ही खूण आधी तपासा आणि 'लोड'बरोबर 'एरर'ही मोजा. न आलेल्या फोटोचीही 'कम्प्लीट' खरीच येते. तो ओळखायचा 'नॅचरलविड्थ' (फोटोची मूळ रुंदी) शून्य आहे का, यावरून. हल्ली मी प्रत्येक फोटोवर 'डिकोड' बोलावतो; ते प्रॉमिस देतं, म्हणजे फोटो तयार झाला की बिघडला हे नंतर कळवणारी वस्तू. ते सगळे प्रॉमिस मी 'ऑलसेटल्ड'ला देतो, ते सगळ्यांचा निकाल लागेपर्यंत थांबतं. नुसतं 'ऑल' वापरलंत तर एक फोटो बिघडला की सगळंच नापास होतं. स्लायडरच्या फोटोंना 'लोडिंग लेझी' (पडद्याजवळ येईपर्यंत फोटो न मागवणं) लावलं असेल तर काढा. पडद्याबाहेरचे तसले फोटो 'लोड' घटनेच्या हिशोबात धरलेच जात नाहीत. सीएसएसच्या पार्श्वभूमीतले फोटो 'आयएमजी' टॅगच्या यादीत सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी त्याच पत्त्याचा नवा इमेज ऑब्जेक्ट करावा लागतो.

पण तुमची अडचण फक्त उंचीची असेल, तर यातलं काही करण्याआधी प्रत्येक फोटोला एचटीएमएलमध्येच विड्थ आणि हाइट द्या, आणि सीएसएसमध्ये हाइट 'ऑटो' ठेवा. 2019-20 पासूनचे ब्राउझर त्यावरून प्रमाण काढून फोटो यायच्या आधीच जागा राखून ठेवतात. त्या कॅटलॉगमध्ये मी शेवटी तेच केलं आणि चाक काढूनच टाकलं.