आयटीआयला घातलं की इंजिनिअरिंगचं दार बंद?

जूनमध्ये नाशिकच्या सातपूरहून एक आई मुलाला घेऊन माझ्याकडे प्रवेशाचा सल्ला विचारायला आली. दहावीला ६१ टक्के. खुर्चीवर टेकायच्या आतच म्हणाली, "मॅडम, हा आयटीआयच करायचं म्हणतोय. तिकडे गेला की इंजिनिअरिंग संपलंच ना?" हा प्रश्न दरवर्षी येतो. विचारणाऱ्याच्या घरातलं कुणीतरी बहुतेक वेळा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, कंपनीत असतं.

संपत नाही. दहावीनंतर २ वर्षांचा ट्रेड, म्हणजे आयटीआयचा कोर्स, पूर्ण केला की इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. अकरावी-बारावीला एमसीव्हीसी, म्हणजे व्यावसायिक अभ्यासक्रम, घेतलेल्यांनाही ती वाट आहे. पुढे डिप्लोमावरून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला.

पण मुलाच्या फॉर्मवर पहिलाच पर्याय होता वेल्डर. मामाचं फॅब्रिकेशनचं दुकान, सुट्टीभर हा तिथेच. मनगटावर ठिणग्यांचे बारीक काळे डाग. ते दाखवताना चेहरा खुलला. घोडं अडतं ते इथे. वेल्डर १ वर्षाचा. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन २ वर्षांचे. यादीत सगळे एकाखाली एक दिसतात, पण १ वर्षाच्या ट्रेडवर थेट दुसरं वर्ष मिळत नाही.

"हे कुणी बोललंच नाही," आई म्हणाली.

मग आणखी एक गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी ती एका मुलाला सांगायची माझ्याकडून राहिली होती. फिटर झालेला, हाताला सफाई. मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला बसला आणि स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स या गणिती विषयात अडकला. बाकीच्या पोरांनी पहिल्या वर्षी गणित, मेकॅनिक्स केलेलं. याने मोमेंट हा शब्दच तिथे पहिल्यांदा ऐकला. चूक त्याच्यापेक्षा माझी जास्त. आता मी आधीच सांगते: ट्रेड चालू असतानाच गणित सोडू नको.

आईने बोटांवर हिशोब केला. "सरळ डिप्लोमा ३ वर्षांचा. हे ४ होतात. एक वर्ष वाया."

"ताई, मध्येच कमवायची वेळ आली तर हातात ट्रेडचं सर्टिफिकेट असेल. सरळ डिप्लोमा अर्धवट सुटला तर काय असतं?"

ती काही बोलली नाही. पटलंय असं मला वाटलं नाही.

मुलाने फिटर वर घेतला, वेल्डर खाली ढकलला. मग हळूच विचारलं, "मॅडम, फिटरला वेल्डिंग असतं का?"

"असतं की, थोडं."

"मग चालेल."

जिना उतरताना आई त्याला गणिताच्या क्लासची फी विचारत होती.