मराठवाड्याच्या उकाड्यात कार्ब्युरेटरमध्ये बर्फ?

तुम्ही विचारलंय की बाहेर २५-३० अंश असताना विमानाच्या कार्ब्युरेटरमध्ये (इंजिनासाठी पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागात) बर्फ जमतो हे खरं की नुसतं पुस्तकी, आणि जमलाच तर करायचं काय?

खरं आहे. मी लातूरकडचा, सेसना १५२ या छोट्या विमानावर उडायला शिकलो. वर्गात ऐकलं तेव्हा मलाही थापच वाटली होती.

घरचा कूलर आठवा. मे महिन्यात तो गार वारा फेकतो आणि भादव्यात नुसता चिकचिकाट करतो, कारण हवेतच पाणी भरलेलं असतं, आणखी वाफ ती घेईना. कार्ब्युरेटरमध्येही गारवा बाष्पीभवनानंच येतो, पण तिथं उडतं ते पेट्रोल. त्याला हवेतल्या दमटपणाचं सोयरसुतक नाही. त्यात व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यात दाब पडून हवा आणखी गार होते. दोन्ही मिळून २०-३० अंश सहज उतरतात. बाहेर २४ असेल तर आत शून्याखाली. मग बर्फाला हवं फक्त पाणी, ते भादव्यात आयतंच मिळतं. म्हणजे कूलर कुचकामी ठरतो ते दिवस आपल्या धोक्याचे. हिवाळ्यातल्या दवाच्या सकाळीही तशाच. मेच्या कोरड्या दुपारी मला याची फारशी काळजी नसते; तेव्हाची काळजी लांबत जाणाऱ्या टेक-ऑफची. उडण्याआधी मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान-अहवालात, तापमान आणि दवबिंदू बघा; दोन्ही जितके जवळ, तितकी हवा दमट. २४ आणि २२ दिसलं की समजून जा.

माझ्यावर आलं ते सप्टेंबरात. विमान सरळ, पातळीत, आणि आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, २३०० वरून हळूहळू २१५० वर. बर्फानं हवेची वाट चोंदत होती. मी काही विचार न करता थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा नॉब) थोडा पुढं ढकलला. आरपीएम आला, पुन्हा उतरला, मी पुन्हा ढकलला. फसगत होते ती इथंच. इंजिन कुरकुरत नाही, तोवर आपला हात परस्पर भरपाई करत राहतो. शिकवणारे सर शेजारी गप्प बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "कार्ब हीट ओढ की रे."

कार्ब हीट म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारा नॉब. ओढली, तर इंजिन आणखीच बिघडलं. आरपीएम खाली, त्यात खडखडाट. मी घाबरून नॉब आत ढकलायला निघालो, तर सरांनी हात धरला. "थांब. खोकू दे त्याला." वितळलेलं पाणी इंजिनात जात होतं, शिवाय गरम हवा विरळ म्हणून मिश्रणही घट्ट, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त, झालेलं. थोड्या वेळानं आरपीएम आपोआप वर चढला, आधीपेक्षा जास्त.

म्हणून ओढायची ती पूर्ण. अर्धवट ओढली तर हवेतले कोरडे हिमकण वितळून पुढं पुन्हा गोठू शकतात. उतरताना थ्रॉटल कमी करण्याआधीच ओढा: थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते तेव्हा बर्फ लवकर धरतो, आणि ही उष्णता एक्झॉस्टवरून येते, इंजिन आयडलवर थंडावलं की तीही आटते. गो-अराउंड करावा लागला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढावं लागलं, तर मात्र नॉब लगेच आत, कारण तेव्हा पूर्ण ताकद हवी.

जमिनीवर तपासणीपुरतीच ओढा. ही हवा फिल्टरमधून येत नाही, आणि आपल्याकडच्या धावपट्ट्यांवरची धूळ तुम्हाला माहीतच आहे.

नव्या सेसना १७२ मध्ये फ्युएल इंजेक्शन आहे, तिथं कार्ब्युरेटरच नाही.